रिफअत एफेंदीची बोट

शिकलगारांच्या आज्यानं तलवारींना धार लावली,
अमीनुद्दीन शिकलगारांनी अग्रलेखाला.
पापाच्या तिकटीमागं, तांबटांच्या ठोक्यांत
आमचं ट्रेडल चालायचं,
आणि हा माणूस एकटाच आठ पानं लिहायचा:
गुळाचे भाव, कुस्त्यांचे निकाल, वधू पाहिजे,
वाचकांची पत्रं,
आणि त्या पत्रांना संपादकांचं खरमरीत उत्तर.
मी खिळे जुळवणारा. मला ठाऊक होतं
'एक त्रस्त नागरिक' कोण ते.
चहा त्याला मीच द्यायचो.

शेवटच्या पानावर रिफअत एफेंदी.
इस्तंबूलचा पत्रकार, दीडशे पुस्तकांचा बाप,
राहत्या घरात छापखाना, बायको शाई मळते,
पोरं जेवणाआधी एकेक गॅली लावतात.
साहेब मिरजेपलीकडं गेले नव्हते.
त्यामुळं बॉस्फरसला रंकाळ्याचा वास यायचा
आणि एफेंदीची बायको, खरं सांगतो,
तांबड्या रश्श्याला नावं ठेवली की रुसायची.

सुलतानाच्या माणसांनी 'तारा' हा शब्द कापला,
महालाचं नाव तेच होतं म्हणे.
एफेंदीनं लिहिलं: रात्री वर असतं ते.
तेही कापलं, तर: झोप येईना की मोजतात ते.
हे छापलं आणि पंधरवड्यात
आमच्या दारात जीप. पंचाहत्तर साल.
अग्रलेखाच्या जागी मी कोरं शिसं भरलं.
दोन कॉलम पांढरेफटक.
साहेब म्हणाले, "भैरू, जन्मात पहिल्यांदा
माझ्या प्रुफात एकही चूक नाही."

मग एका बुधवारी ते टेबलावरच,
पेनाचं टोपण उघडं.
भाग एकशे बारा: एफेंदी हद्दपारीतून सुटून
परतीच्या बोटीत चढला होता.
पुढं कागद नाही.

गंगावेशीतला दूधवाला विचारी, पोचला का?
तालमीतली पोरं विचारत.
भाभी नाही विचारायच्या.
अंक दारात पडला का, तेवढं बघायच्या.

मी आयुष्यात स्वतःची ओळ लिहिली नव्हती.
त्या रात्री कागदाशिवाय स्टिक हातात घेतली,
उलटी अक्षरं, एकेक.
बोट धक्क्याला लावायची होती,
पण खणात 'क्क' उरला नव्हता,
सगळे बाजारभावाच्या पानात अडकलेले.
म्हणून लावलं: धुकं आहे.
किनाऱ्यावर कुणीतरी
शाईचे हात घेऊन उभं आहे.

सकाळी भाभींनी शेवटचं पान दोनदा वाचलं,
घडी घातली, म्हणाल्या,
"ह्यांना धुकं कधी आवडायचं नाही."