खांद्यावरचा हात

चौकात सर्जा निगवेकरचा फ्लेक्स लागलाय.
फोटो अठ्ठ्याहत्तरच्या टीमचा, त्यातनं कापलेला.
बाकी दहा जण प्रिंटिंगवाल्या पोरानं पुसले,
पण डाव्या खांद्यावर एक हात तसाच राहिलाय,
मनगटापासनं पुढं, चारच बोटं.

येणारा जाणारा विचारतो, हात कुणाचा रं?
चार बोटं म्हटल्यावर दुसरा कोण असणार?
करंगळी उद्यमनगरात प्रेसखाली गेली सोमवारी,
आणि गुरुवारी हुसेन शिकलगार गोलात उभा.
सुती पट्टी, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर सुतळी.
त्या दिवशी एक पण बॉल आत गेला नाही.
(एक गेला होता. ते आम्ही सांगत नाही.)

हुसेनला बागल चौकात माती दिली संक्रांतीच्या आधी.
त्याच्या मागनं बावीस दिवसांनी सर्जा,
बॉल पायात आला की लाइन धरून सुटायचा, तसाच.
आणि परवा रघूआण्णा, आमचे मॅनेजर,
ज्यांनी जन्मात बॉलला एकदा लाथ मारली नाही.

त्यांचा फ्लेक्स अडलाय. फोटोच नाही.
तालमीतल्या भिंतीवर सतरा ग्रुप फोटो,
एकातही आण्णा नाहीत.
फोटो निघताना ते कॅमेऱ्याच्या मागं उभे असायचे
अकरा जणांची घड्याळं मनगटात चढवून,
अकरा वेळा वाजलेले एकाच हातावर,
आणि एकही दुसऱ्याशी जुळत नसायचा.
हाफटाइमला लिंबाच्या फोडी मोजून द्यायचे.
हरलो तर चहा त्यांच्या खिशातनं.
जिंकलो तर म्हणायचे, आता पेठ पाजंल,
माझं काय काम.

आज रक्षाविसर्जन. पंचगंगेच्या घाटावर
नैवेद्य मांडला, आम्ही मागं सरकलो.
कावळे समोरच्या पिंपळावर, एक खाली येईना.
पोरगा म्हणाला, आईला सांभाळतो. नाही.
कुणी म्हणालं, तुमची उधारीची वही फाडून टाकतो. नाही.
गेल्या सीझनचा कॅप्टन पुढं झाला,
हात जोडून म्हणाला, आण्णा, किट मी धुतो,
दर रविवारी, स्वतः, मशीनला न लावता.
कावळ्यानं मान तेवढी वाकडी केली.

तेवढ्यात पायऱ्या उतरून हिंदुराव वठारे आला,
पलीकडच्या पेठेचा, गुडघ्यावर हात टेकत टेकत.
अठ्ठ्याहत्तरच्या फायनलला तोच गोलात होता.
सर्जाचा शॉट बारला लागून खाली पडला होता,
रेफरी चिखलात घसरला, त्यानं बघितलाच नाही,
आणि स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर आमची अख्खी पेठ
तेव्हापासनं उभीच आहे.

आम्ही वाट करून दिली. सगळ्यांच्या मनात एकच:
आता तरी बोलेल. तिघं गेले, आता कसली लाज?
हिंदुरावनं हात जोडले, डोळे पुसले, आणि म्हणाला,
"आण्णा, खरं सांगतो, बॉल लाइनवरच होता."

एक क्षण कुणी हललं नाही.
मग दत्ता मर्दाने ओरडला, अर्धा हात आत होता रं!
हिंदुराव खाली बसला, ओल्या पायरीवर बोटानं लाइन ओढली,
पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, लाइनवर ठेवलं.
हे बघ. असं. दत्तानं लिंबू चार बोटं आत सारलं.
हिंदुरावनं परत बाहेर.
सत्तरीतली नऊ माणसं उकिडवी बसली घाटावर,
पांढऱ्या टोप्या सरकलेल्या, आवाज पार पुलापर्यंत,
आणि आत कुठंतरी आम्हाला बरं वाटत होतं
की हा अजून कबूल होत नाही.
झाला असता तर पुढं बोलायला काय राहिलं असतं?

आण्णांचा पोरगा मागनं हळूच म्हणाला,
अहो, बघा.

भात विस्कटला होता.
कधी आला, किती जण आले, कुणीच बघितलं नाही.
हिंदुराव म्हणाला, आला.
दत्ता म्हणाला, लिंबाला हात लावू नको.