लाल बटण

माझ्याकडे फक्त लाल बटण.
दाबलं की होडी जागच्या जागी मरते.
बाकी सगळं तिचं ती बघते,
असं निदान आम्ही स्पर्धेच्या अर्जात लिहिलंय.

पवई तलाव, सकाळचे सहा वीस.
फ्लेविया गळक्या सांध्यावर
कुल्फीच्या काडीनं एमसील फासतेय.
वॉचमन म्हणाला, पलीकडे मगर आहे हं.
होडीच्या यादीत मगर नाही.
लाल बोया, हिरवा बोया, पिवळा:
अकरा हजार फोटोंत आम्ही तिला
एवढंच जग दाखवलंय.

निघाली.
पहिल्या जोडीमधून गेली
ओळखीच्या घरात चप्पल काढून शिरावं तशी.
मग अडखळली, वळली,
कुणीतरी सोडलेल्या निर्माल्याकडे.
झेंडूचा पुंजका, आणि ही त्याच्याभोवती
एक फेरी, दोन, तीन.
पिवळं दिसलं की फेरी मारायची,
आम्हीच शिकवलेलं.

"दाब ना!" हुसैन ओरडला.
बॅटरी एकोणीस टक्के.
फ्लेविया हसून हसून खाली बसली
आणि वॉचमननं काठी बगलेत धरून
चक्क हात जोडले.

अंगठा बटणावरच होता.
नाही दाबलं.

पाचव्या फेरीला पुंजका सुटला, फुलं पांगली.
एवढ्या सगळ्या पिवळ्यात
बोया कुठला, तिला ठरवता येईना.
नुसती उभी राहिली, लाटेबरोबर किंचित हलत.
लॅपटॉपवर एकच ओळ:
लक्ष्य अनेक. निर्णय प्रलंबित.

आम्ही तिघंही गप्प.
मग हुसैननं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि मगरीला शिव्या घालत
पाण्यात उतरला.