टिचकी

शिवडीच्या चावीवर माझी ड्युटी, पहाटे साडेतीनची.
कमरेएवढा लोखंडी पान्हा खांद्यावर टाकून निघतो.
गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलायचं,
आत घूस बसली नाही ना ते बघायचं,
मग एकवीस आटे, सावकाश.
घाई केली तर पाइप ओरडतो
आणि वरचे मजले कोरडे राहतात.

लोक म्हणतात, पाणी आलं.
कुणी म्हणत नाही, पाणी सोडलं.
बावीस वर्षं झाली, मला त्याचं काही वाटत नाही.
खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं.

मुलगी सातव्या महिन्यातच आली.
अकराशे ग्रॅम. साखरेची किलोची पुडी, वर एक मूठ.
परळच्या इस्पितळात, काचेच्या पेटीत,
पायाला चिकटपट्टी : बेबी ऑफ वैजयंती.
नाव ठेवायचा आम्हाला धीर नव्हता.
वैजयंतीला पान्हा फुटत नव्हता,
माझ्याकडचा तो लोखंडाचा.

डॉक्टर म्हणाले, ही श्वास घ्यायला विसरते.
विसरते म्हणजे?
म्हणजे विसरते. अजून सवय नाही तिला.

रात्रपाळीला सिस्टर बिब्याना तुस्कानो, वसईची,
गुडघ्याला पट्टा, निवृत्तीला दोन वर्षं.
यंत्र वाजलं की उठायची. धावायची नाही.
गोल खिडकीतून हात आत,
आणि माझ्या नखाएवढ्या तळव्यावर
एक टिचकी.
घे गं. घे ना बाय.
मुलगी दचकायची, चिडायची,
आणि श्वास घ्यायची.

एका रात्रीत मी सतरा मोजल्या.
अठराव्यांदा यंत्र वाजण्याआधीच ती उठली.
कसं कळलं, मी विचारलं.
म्हणाली, पाठ केली तरी कान तिकडंच असतो.

देवाशी माझं बोलणं कमी.
वाटायचं, त्यानं एकदाच सगळं बांधलं,
टाकी भरली, उतार काढून दिला,
आणि पेन्शनीत गेला. पुढचं आपलं आपण वाहतंय.
असं मी समजत होतो, मी, चावीवाला,
ज्याला ठाऊक आहे, तानसापासून शिवडीपर्यंत
एक थेंब आपणहून येत नाही.

त्या रात्री इस्पितळातून परस्पर कामावर निघालो.
फुटपाथवर एक हमाल झोपला होता, उताणा.
पोट वर आलं, खाली गेलं,
आणि खालीच राहिलं.
मी थांबलो.
मग कुणीतरी टिचकी मारली.

पुढे खाडीवर ओहोटी तळाला जाऊन
विसरली होती, आता काय करायचं असतं ते.
चिखलात निवट्या गालांत पाणी धरून बसलेल्या.
दिव्याच्या खांबावर घार, पंखात चोच खुपसून.
कुणालाच आठवण नव्हती कशाची.
तरी पाणी वळलं.

शेजारच्या पेटीत बेबी ऑफ तहसीन.
त्याला आठवलं नाही.
बिब्याना टिचक्या मारत राहिली,
डॉक्टरांनी पुरे म्हटलं, नळ्या काढल्या,
त्यानंतरही एक.
मग बेसिनशी जाऊन खूप वेळ हात धूत बसली.
मला कुणी विचारलं, कशावर श्रद्धा आहे,
तर मी त्या एका जास्तीच्या टिचकीवर बोट ठेवीन.
बाकीचं मला कळत नाही.

आज पान्हा चावीवर बसवला, दांड्याला कान लावला.
आधी नुसती हवा येते, पाइप दम धरून असतो.
घे, मी म्हणालो, इकडंतिकडं बघून.
एकवीस आटे.
कुठंतरी एक नळ खोकला, मग दुसरा.

चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं,
आज फोर्स नाही!
मी आणखी अर्धा आटा सोडला.