जरा स्पष्ट

वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर
ट्रेव्हर ऑक्सप्रिंगनं माझ्यापुढं लिहिलं: आर्टिक्युलेट.
आडनाव मात्र 'घो'वरच सोडून दिलं,
घोटवडेकर काही त्याच्या जिभेवर चढेना.

हा शब्द मी आधी हाडांत शिकले,
मिरजेला, दुसऱ्या वर्षी:
हाडाला हाड भेटतं तो सांधा.
मग इथं डॉन्कास्टरला, बसच्या खिडकीतून,
चौकात मधोमध मोडल्यासारखा वाकून
सुखरूप वळलेला तो अजस्र ट्रक,
त्यालाही हाच शब्द.
म्हणजे तुकड्यातुकड्यांचं असायचं
आणि तरी वळता यायला हवं.
ट्रेव्हरच्या मनात एवढं नसणार.
त्याच्या आवाजात नुसतं नवल होतं,
बंद पडलेलं घड्याळ
बरोबर वेळ दाखवताना सापडावं तसं.

आमच्याकडं याला स्पष्ट म्हणतात.
"मुलगी चांगली आहे, पण जरा स्पष्ट आहे,"
निरोप आला होता गडहिंग्लजहून,
आणि आईनं त्या दिवशी कपबश्या
नेहमीपेक्षा जोरात विसळल्या.
त्यांनी माझा पगार विचारला होता.
मी त्यांचा.

दुपारी मिस्टर क्लेग आले,
सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत.
अर्धे शब्द गिळतात, उरलेले खोकल्यात जातात.
लेक सोबत होती, ती समजावून सांगायला लागली.
म्हटलं, राहू दे गं, कळतंय मला.
"दाराआड कोंडलेलं कुत्र्याचं पिल्लू
कसं नखांनी ओरबाडतं,
थांबतं, आपण झोपलो का ऐकतं,
आणि पुन्हा सुरू,
तसा हा खांदा."

फॉर्मवर जागा एका ओळीची.
मी लिहिलं: उजवा खांदा, दुखणे.

काचेमागं जाऊन रोजचंच म्हटलं,
एकेक अक्षर सुटं करून,
हलू नका. श्वास धरा.
सोडा.
पडद्यावर सांधा उमटला,
झिजलेला, पांढरा, बोलका.

कोट चढवताना ते म्हणाले, नाव काय तुझं, पोरी?
सवयीनं मी पहिलं, छोटं नाव सांगितलं.
"ते नव्हे, पाटीवर आहे ते, लांबडं."
मी सांगितलं.
त्यांनी दम घेतला,
एक हात दाराच्या मुठीवर,
आणि म्हणाले,
गोट-वाडी-का.

चुकलंच.
पण शेवटपर्यंत गेले.