कुणीही चालेल

गेंटच्या वाचनालयात मंगळवारी दोन ते चार
मी बसतो. समोर पाटी: संगणकाची मदत, मोफत.
मोफत मोठ्या अक्षरांत,
म्हणून येतात लोक.

गोडलीवबाई आल्या तेव्हा त्यांच्या नव्या लॅपटॉपवर
अजून प्लास्टिकची कातडी होती.
त्यानं भाषा विचारली, देश विचारला,
मग मध्येच एक पडदा आणला
बारा चित्रांचा, बारा नावांचा:
तुमचा ब्राउझर निवडा.

ही ब्रसेल्सची करणी, मी म्हणालो.
पूर्वी कंपनी आपलाच आत घालून द्यायची,
आता विचारावं लागतं.
"कुणाला?"
तुम्हाला.
"मला काय कळतंय त्यातलं?"

खरंय. मलाही वाटतं कधीकधी,
घर बांधणाऱ्यानं दार बसवून दिलं तर बिघडलं काय?
दुसरा ब्राउझर उतरवून घ्यायला
आधी एक ब्राउझर लागतोच हाताशी.
आणि आयत्या बिळावर नागोबा म्हणावं,
तर हे बीळ त्यानंच खणलेलं.
रांगेत तिघं. चाराला दहा कमी.
मी म्हणालो,
कुणीही चालेल, बाई.

त्यांचा हात माउसवरून उठला.

"डाइन्झच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
मी सहा वर्षं होते.
समोर भोकांची फळी. दोरी उचलायची, खुपसायची.
नाव सांगितलं की त्याच नावाला जोडायचं,
त्यात कधी लबाडी नाही केली.
पण जानेवारीत, पहाटे, एखादी बाई म्हणायची
कोळसा संपलाय, कोळसेवाला द्या.
कुठला?
कुणीही चालेल.

आखील माझा सख्खा भाऊ. वखार कालव्याकाठी.
कोळसा चांगला होता त्याचा,
वजनात खोट नाही, भाव रास्त.
पलीकडच्या काठाला रूलांट्स.
त्याचाही चांगला होता. असावा.
मी कधी विचारलं नाही."

त्यांनी टेबलावर बोट टेकवलं,
जणू तिथं भोक आहे.

"तिसऱ्या हिवाळ्यात रूलांट्सनं गाडी विकली,
मग वखार.
कुणाची तक्रार नाही. सगळ्यांची घरं तापली.
आखीलनं मला लोकरीचा कोट घेतला, हिरवा.
चौथ्या हिवाळ्यात पोत्यातून भुकटी यायला लागली.
बायका माझ्यावर चिडायच्या: दुसरा द्या!
दुसरा कुठून देऊ?
सतरा नंबरचं भोक होतं फळीवर.
धूळ पुसायचे मी त्यातली, शनिवारी."

रांगेतला एक जण निघून गेला.

"हे पहिलं आहे, ते रोज पहिलंच असतं?"
नाही, क्रम बदलत राहतो.
"कोण बदलतं?"
संगणक.
"म्हणजे ज्याचा भाऊ आहे, तोच."

यावर मला काही सुचलं नाही.
कायद्यात यावर कलम असेल,
माझ्याकडे फक्त पाटी आहे.

मग चष्मा काढला पिशवीतून,
बाराही नावं मोठ्यानं वाचली,
शाळेत हजेरी घेतात तशी,
काहींपाशी थांबून, हे आहेत का अजून, असं.
अकराव्यावर एक खंड्या होता, निळा,
चोचीत काहीच नसलेला.
मी त्याचं नाव ऐकलं नव्हतं.
त्यांनीही नव्हतं. तेवढं कारण पुरलं त्यांना.

खंड्या उतरला, उघडला,
आणि पहिल्याच दमात म्हणाला:
यापुढे नेहमी मीच उघडू का?

त्या हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या.
"घ्या, हाही कुणाचा तरी भाऊ."

खाली दोन बटणं होती, हो आणि नंतर.
'नाही' कुणी ठेवलंच नव्हतं.
त्यांनी बराच वेळ शोधलं.

चार वाजून गेले होते. दिवे अर्धे मालवले.
पुढचा माणूस बसला, नवाकोरा फोन पुढे केला,
पडद्याकडे न बघता म्हणाला,
तुम्हीच दाबा हो.