शेरा

बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर, दुपारी अडीच.
इनास सकाळपासून जमिनीवर पडलाय.
नाव आम्हीच ठेवलं,
कंपनीनं दिला होता फक्त नंबर
आणि कमरेपर्यंतचं शरीर.
शर्ट माझा, जुना.

माझं काम सोपं: घड्याळ आणि तक्ता.
तीस दाब, दोन श्वास.
दाब पाच सेंटिमीटरच्या आत आला
की रकान्यात फुली.
तन्वेशा पडद्यावर आलेख बघते.
बोलायचं नाही, मान डोलवायची नाही,
तुमच्या चेहऱ्यानंही निकाल बिघडतो,
असं शिरोडकर सर म्हणाले होते.

चौदावी सहभागी, सिस्टर फिलोमेना.
रात्रपाळी संपवून थेट आलेली.
चपला दाराशी काढल्या तिनं,
कुणाच्या घरात शिरावं तशा.

प्रसंग क्रमांक चार.
चारमध्ये इनास परत येत नाही.
आम्हाला माहीत. तिला नाही.

सहाव्या मिनिटाला हात दमले.
फुली. फुली. पुन्हा फुली.
मग ओठांतल्या ओठांत ती म्हणाली,
"उठ रे पुता, आवय वाट पळयता,"
आणि आलेख वर चढला.
पाच. साडेपाच.

दहा मिनिटं झाली. वेळ संपली, म्हणालो.
तिनं उरलेले अकरा दाब पुरे केले,
दोन श्वास दिले,
गुडघे चोळत उठली,
पुन्हा वाकली,
आणि त्याच्या शर्टाची बटणं लावली,
गळ्यापर्यंत.

तक्त्याच्या टोकाला एक रकाना आहे, शेरा.
आजवर तिथं मी नुसती आडवी रेघ मारायचो.

"काय लिहितोस एवढं?" तन्वेशानं विचारलं.
पंधरावा माणूस दारात उभा होता.
बटणं पुन्हा सोडायची होती.
मला जरा वेळ लागला.