प्रॉम्प्टरची वही

विंगेच्या मागे, जनरेटरच्या धुरात
पालथं घातलेलं घमेलं, ती माझी खुर्ची.
मांडीवर वही, बगलेत टॉर्च.
पंचवीस हंगाम मी
दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालत बसलो.
पारबतेला मात्र कधी लागलो नाही.

ती आमच्या स्वयंपाकिणीची पोर.
धान कापून झालं, शंकरपट लागले
की वडशाहून आमचा मेटॅडोर निघे
आणि पातेल्यांच्या मध्ये ही बसलेली असे.
नागपूरची नायिका ब्रह्मपुरीला अडकली त्या रात्री
हिने भाताचे हात ओढणीला पुसले,
म्हणाली, मले येते सारं.
येतच होतं.
तालमीत मी वाचायचो, ती पेज गाळायची,
तेवढ्यात तिचं पाठ झालं होतं.

केवढा आवाज!
मंडपाबाहेर, शेवटल्या बंडीत
तणसावर घोंगडं घेऊन निजलेला म्हातारा
उठून बसायचा.
तिसऱ्या अंकात, पहाटे चारला, ती विष प्यायची.
एका हंगामात सत्तर वेळा मेली.
मेल्यावर तिला फार भूक लागे.
रंग न पुसताच विचारी, भात उरला का?
गार भात, लाखोरीचं वरण, वर मिरची.

मग चांद्याच्या रेडिओची जाहिरात आली.
मीच कात्रण दिलं, नंतर बरेच दिवस पस्तावलो.
काचेपलीकडून साहेब म्हणाले,
बाई, हळू. माईक बहिरा नाही.
हजारांशी नको, एकाशी बोला.
आणि पानी नाही, पाणी.
डोरा नाही, डोळा.
आणि हे पारबता काय? पार्वती करू.

परतीच्या एसटीत मूलपासून सिंदेवाहीपर्यंत
ती खिडकीला तोंड लावून
ण, ण, ण. ळ, ळ, ळ.
कंडक्टरला वाटलं, बाईला मळमळतंय.

महिन्याला सहा ड्युट्या, चेक तीन महिन्यांनी.
बाजारभाव, तुडतुड्यावरचा फवारा,
हरवलेल्या माणसांची वर्णनं.
हंगामात चारला मरायची,
सहाच्या गाडीने चांद्याला जायची
आणि कानामागे सफेता तसाच ठेवून
सांगायची, आज हवामान कोरडे राहील.
तिच्या आईने रेडिओ कानाला लावला,
पुष्कळ वेळ ऐकला, मग मला म्हणाली,
चांगली बोलते. कोनाची पोरगी आहे वो?

मी काही बोललो नाही.
शब्द सुचवायचं काम माझं,
पण सगळेच नाही सुचवता येत.

पुराच्या वर्षी, रात्रीचे साडेदहा.
घरात रेडिओ, हातात उगाच जुनी वही.
ती वाचत होती, धरणाचे दरवाजे उघडण्यात आले असून
नदीकाठच्या गावांतील नागरिकांनी
सतर्कता...
आणि थांबली.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा थांबली.

माझं बोट आपोआप ओळीवर गेलं.
ओठ हलले, सवयीने.
म्हणालो, पानी.

तिला ऐकू गेलं असं मी म्हणत नाही.
चांदा इथून शंभराच्या वर किलोमीटर,
मध्ये जंगल, आणि रेडिओ उलटा बोलत नाही.
पण पुढचं तिचं वाक्य कागदावर नव्हतं.
पानी येऊन रायलं, बापा हो.
उठा! पोरं उचला, बैलांचे दावे सोडा, उठा!
तोच आवाज. शेवटल्या बंडीपर्यंतचा.
शेजारच्या आळीत कंदील लागले.
कुणीतरी दार न लावताच पळालं.

पुढच्या आठवड्यात तिला पत्र आलं:
मजकुरात केलेला बदल, तसेच उच्चार,
याबाबत लेखी खुलासा द्यावा.
तो तिने माझ्याकडून लिहवून घेतला.
सांगताना एकदाही अडखळली नाही.
एकच ओळ होती. ती सांगणार नाही,
वहीच्या शेवटल्या पानावर तिचा कच्चा खर्डा आहे.
खाली सही तिने स्वतः केली,
मोठ्या अक्षरात, पारबता,
आणि पेनाचं टोपण शोधत विचारलं,
भात उरला का?